आकड्याला ओ

१

रविवार, ७ मे १९६१. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. स्थळ : कुलाबा जिल्हा, दिघीचा धक्का, धक्क्यालगतची जुनी जकातचौकी. ओहोटी. वारा पडलेला. हजर : मी, माझी पत्नी कमळ, आमची तीन मुलं. आणखी कुणी नाही.

शेवटचं वाक्य मी गेल्या पाच वर्षांत कितीदा तरी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. बावीस वर्षं बातमीदारी केली. मंत्र्यांची खोटी विधानं त्यांच्याच तोंडावर वाचून दाखवली, दोन वेळा त्यापायी नोकरी गेली. लिहिलेल्या शब्दावरून मागं हटलो नाही. ‘आणखी कुणी नाही’ हे तीन शब्द मात्र मला अजून छातीवर हात ठेवून लिहिता येत नाहीत. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नव्हता, असं लिहायला माझी तयारी नाही.

आम्ही इंदूरचे. मराठीच, पण तीन पिढ्या माळव्यात काढलेल्या. डिसेंबर साठमध्ये माझ्या मालकानं माझी एक बातमी छापण्याआधी ज्याच्याविरुद्ध होती त्यालाच वाचायला पाठवली. मी राजीनामा मालकाच्या टेबलावर ठेवला. ‘ठेवला’ हा शब्द सौम्य आहे. कमळला मुरुडच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली आणि आम्ही नव्या राज्यात आलो. राज्य तेव्हा आठ महिन्यांचं होतं. मी मुंबईच्या एका दैनिकाला जिल्ह्याच्या बातम्या धाडू लागलो.

थोरला रामचंद्र अकरा वर्षांचा, राही आठ, आणि धाकटी तुळशी चार. तिला तुळशी कुणीच म्हणत नसे. ठेंगणी, गुबगुबीत, म्हणून ठमी. शाळेत मोठ्या दोघांची दैना होती. रामू कुणालाही भाऊ या अर्थी ‘भिया’ म्हणायचा, राही ‘पाणी पिऊन घेतलं’ म्हणायची, आणि वर्ग हसायचा. ‘हिंदी पोरं’ हे नाव पडलं. मला राग आला. मी ठरवलं, उन्हाळ्याच्या सुटीत दर रविवारी एक गाव पायाखाली घालायचं. सकाळच्या बसनं निघायचं, दिवेलागणीला घरी. राज्य त्यांचंही आहे हे त्यांच्या तळपायांना कळलं पाहिजे.

२

पहिला रविवार चौलचा. खाडी ओलांडून रेवदंड्याला, तिथून नारळी-पोफळीच्या वाड्यांतून पायी. देवळं पाहिली, दशम्या खाल्ल्या, ताडगोळे खाल्ले. परतायच्या वेळी राही नाही.

पाऊण तास शोधत होतो. मी एका वाडीत, कमळ दुसरीत, रामू तिसरीत, तिघंही ओरडत. ती एका रहाटाच्या विहिरीपाशी सापडली. काठावर पाय सोडून बसली होती.

“राही! हाका ऐकू आल्या नाहीत तुला?”

“आल्या.”

“मग ओ का दिली नाहीस?”

“आजीनं सांगितलंय. परक्या गावात भर दुपारी एका हाकेला ओ द्यायची नाही. सलग तीन आल्या तरच द्यायची.”

“तीन? तीस मारल्या आम्ही!”

“तुम्ही एक मारली. मग आईनं एक. मग दादानं. मग परत तुम्ही एक. सलग तीन कुणीच नाही मारल्या, बाबा.”

कमळ रडता रडता हसायला लागली. मी हसलो नाही. माझ्या आईचा हा शहाणपणा इंदूरहून इतक्या लांब आमच्या सामानात बांधून आला होता. त्या विहिरीच्या काठावरच मी कायदा केला. यापुढं बाहेर पडलं की नावानं हाक नाही. नावाला भुतं चिकटत असतील तर नाव बंद. नंबर. मी ‘मोजा’ म्हणायचं आणि तिघांनी क्रमानं ओरडायचं.

“शाळेत कवायतीला असतं तसं?” रामूला आवडलं. “एक!”

“दो!” राही म्हणाली.

“दोन. आता आपण आपल्या राज्यात आलोय.”

“दोन!”

“तीन!” ठमी किंचाळली आणि टाळ्या पिटत गोल फिरली. तिला पहिल्यांदाच काहीतरी स्वतःचं मिळालं होतं.

“अहो,” कमळ म्हणाली, “पोरं आहेत की कैदी?”

पद्धत मात्र उत्तम चालली. पुढच्या रविवारी नांदगावच्या किनाऱ्यावर मी सहा वेळा मोजणी घेतली. घरातही मी ठमीला ‘तीन नंबर’ म्हणू लागलो. ‘तीन नंबर, दूध प्यायलीस का?’ ती छाती काढून उभी राहायची.

३

सात मेला आगरदांड्याला बसनं उतरलो. पलीकडं दिघी. शिडाची होडी, धर्माजी नावाचा साठीचा तांडेल, आणि टोपल्या घेतलेल्या पाच-सहा कोळणी. आम्ही चढलो तसा धर्माजी म्हणाला, “नावं?”

“आम्ही पाच जण.”

“पाच दिसतात मला. नावं सांगा, साहेब.”

“नावं कशाला? तुम्ही तांडेल आहात की फौजदार?”

“फौजदार आकडं इचारतो,” तो शांतपणे म्हणाला. “मी नावं इचारतो. पाण्यावर जाताना ज्याचं त्याचं नाव घेतो, तो ओ देतो, मग मी होडी सोडतो. माझा बा पण तसंच करायचा.”

सगळ्या कोळणींची नावं त्यानं एकेक करून घेतली आणि त्यांनी कंटाळलेल्या सुरात ओ दिल्या. मी माझं सांगितलं, कमळचं सांगितलं. मुलांच्या वेळी मला खुमखुमी आली. कुणी कारण न देता नियम सांगितला की मला येते.

“यांची नावं नाहीत. यांचे नंबर आहेत. चला रे, मोजा!”

“एक!” “दोन!” “तीन!”

“अगो बया!” बायजा नावाची एक कोळीण ओरडली. “पोरां हायेत का नारल?”

सगळी होडी हसली. मीही हसलो. धर्माजी हसला नाही. त्यानं बांबू पाण्यात रोवला आणि मुलांकडं पाहिलं.

“आकड्यानं हाक मारू नका, साहेब. नावाचा धनी येकच असतो. आकडा कुणाचाबी.”

“म्हणजे काय? स्पष्ट सांगा. इथं कुणाचं पोर बुडालंय का?”

“खाडी हाय. कोण बुडलं न्हाय ते इचारा.”

मी त्याला अंधश्रद्धेवर चार वाक्यं सुनावली. त्यानं शीड ओढून घेतलं.

४

नवाबाच्या संस्थानात दिघीला जकात घेत. संस्थान विलीन झालं, जकात गेली, चौकी उरली. दगडी जोत्यावर एकच खोली, वर कौलं, पुढं पडवी. दाराची फळी कुणीतरी काढून नेली होती, नुसती चौकट उभी. समोरच्या भिंतीत गज लावलेली एक खिडकी, तिच्याखाली थेट खाडी. आत फरशी, तुळईला वजनाचा लोखंडी आकडा, बाकी काही नाही. मी हे इतकं तपशिलानं लिहितो आहे कारण मी ती खोली नंतर इंच इंच पाहिली.

पडवीत बसून जेवलो. जेवताना एक गोष्ट जाणवली, पण तेव्हा मी तिला महत्त्व दिलं नाही. चौकटीतून आत तोंड करून बोललं की आवाज घुमत नव्हता. रिकामी खोली घुमते. ही खोली भरलेल्या खोलीसारखी आवाज पिऊन टाकत होती. धान्याच्या कोठारात जसं होतं तसं.

जेवण झाल्यावर मोठी दोघं खडकांवर गेली, चाळीस-एक पावलांवर. कमळ भांडी आवरून धक्क्यावर माझ्यापाशी आली. ठमी माझ्या गुडघ्याला धरून उभी. चौकी आमच्या पाठीमागं. घड्याळ पाहिलं, बारा दहा. होडी साडेबाराला पलीकडून येणार. मी टाळी वाजवली.

“मोजा!”

“एक!” खडकावरून रामू.

“दोन!” त्याच्या शेजारून राही.

“तीन!” माझ्या गुडघ्यापाशी ठमी.

“च्यार.”

पाठीमागून, चौकीतून, तितक्याच अंतरानं. ठेका न चुकता. तो आवाज भयंकर नव्हता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. लहान मुलाचा होता. थोडा धापा टाकत आल्यासारखा. वर्गात हजेरी चालू असताना उशिरा पोचलेलं मूल आपला नंबर हुकू नये म्हणून दारातूनच जसं ओरडतं, तसा.

मी हसलो. “कोण रे तो चौथा? ये, बाहेर ये!”

कुणी आलं नाही. मी चौकीत गेलो. कोरडी फरशी, लोखंडी आकडा, गजांतून दिसणारी खाडी. ओहोटीमुळं खिडकीखाली गुडघाभर चिखल, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. प्रतिध्वनी असेल, म्हणून मी आतून ओरडलो, “तीन!” आवाज तोंडापुढं पडला. रामूला आत आणून ओरडायला लावलं. तसंच. आणि प्रतिध्वनी असता तर त्यानं ‘तीन’ म्हटलं असतं. तीनला च्यार असा प्रतिध्वनी जगात कुठल्याही भिंतीनं दिलेला नाही.

“धक्क्यावरचं एखादं पोर असेल,” कमळ म्हणाली. तिनं ठमीला कडेवर घेतलं होतं. उन्हात मागंपुढं अर्धा मैल कुणी दिसत नव्हतं, हे आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही.

परतीच्या बसमध्ये मला ती बारीक गोष्ट सुचली. माझी मुलं ‘चार’ म्हणतात. इंदुरी, सपाट. हा ‘च्यार’ होता. इथल्या मातीतला.

५

मी बातमीदार आहे. साक्षीदार वेगवेगळे घेतले.

रामू : “मी नाही, बाबा. शप्पथ. मला वाटलं ठमीनं दोनदा म्हटलं.”

राही : “ऐकलं. पण मी ओ दिली नाही ना, मग मला काय होणार?”

ठमी मागच्या पोफळींखाली चिंचोके मांडून बसली होती.

“काल चार कुणी म्हटलं गं?”

“चारनं.”

“चार कोण?”

“चार.” एवढंही कळत नाही, अशा नजरेनं तिनं पाहिलं. मग चिंचोके हलवत म्हणाली, “त्याला चार नको आहे. मला म्हणतो, बदलू.”

“कधी म्हणाला?”

“मी पडवीत होते तेव्हा. तो म्हणतो चारला कुणी हाक मारत नाही. तुझे बाबा तीनपर्यंतच मोजतात.”

दारात कमळ उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आली आणि तिनं चिंचोके फेकून दिले.

मी बंदराच्या कचेरीत गेलो. दिघीच्या धक्क्यावर कधी कुणी मूल बुडालं होतं का, विचारलं. कारकून म्हणाला, नोंद नाही. कुठली वर्षं पाहिली, विचारलं, तर म्हणाला, एवढ्या लहान मुलांची नोंद होतच नसते, माणसांत धरत नाहीत त्यांना. मी टेबलावर मूठ आपटली. धरत नाहीत म्हणजे काय? आईबापांनी कुठं जायचं? तो शांतपणे म्हणाला, “साहेब, तुम्हीपण पेपरात ‘नऊ जण बुडाले’ असंच लिहिता ना? नावं छापता का?”

पेपर माझा होता. बातमीही माझीच होती, मार्चमधली. मी बाहेर पडलो.

घरी येऊन मी कमळला सांगितलं की येत्या रविवारी पुन्हा दिघीला जायचं. त्याच वेळी, त्याच जागी, त्याच तीन मुलांना घेऊन मोजणी घ्यायची. काही ऐकू आलं नाही की विषय संपला.

“आणि आलं तर?”

“येणार नाही. एक पोर आपल्याशी खेळून गेलं. त्याच्या भीतीनं आपण गावं सोडत सुटलो तर उद्या या घरातून उठावं लागेल.”

“तुम्हाला जिंकायचंय,” ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. “मालकाशी जिंकायचं होतं, कारकुनाशी जिंकायचं होतं, आता एका ओसाड खोलीशी. मला जिंकायचं नाही. मला माझी तीन पोरं पाहिजेत.”

“म्हणून तर म्हणतो, चल.”

“येते. पण ठमी माझ्या खांद्यावरून खाली उतरणार नाही.”

ती अट मी मान्य केली. ती मान्य करताना मला आपण उदार आहोत असं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

६

चौदा मे. अमावास्या. भरदुपारची मोठी भरती. आगरदांड्याला धर्माजीनं या वेळी मुलांची नावं विचारलीच नाहीत. नुसतं म्हणाला, “साहेब, आज नको.” मी चढून बसलो. त्यानं बाकीच्यांची नावं घेतली आणि आमची न घेताच होडी सोडली. ठमी होडीच्या झोक्यानं कमळच्या खांद्यावर झोपली.

पाणी चौकीच्या जोत्याला लागलं होतं. खिडकीखाली लाट येऊन थडकायची, पण आत त्याचा आवाज नव्हता. पडवीत कुणी बसलं नाही. डबे उघडले नाहीत. मी मुलांना नेमून दिल्या जागी उभं केलं. रामू आणि राही खडकांकडच्या कोपऱ्यावर, कमळ माझ्या उजव्या हाताला दोन पावलं मागं. बारा दहा.

“बाबा, जाऊ या ना,” रामू तिथूनच म्हणाला.

“मोजा!”

“एक.”

“दोन.”

“तीन!”

मी श्वास धरून थांबलो. घड्याळाचा काटा पाहत राहिलो. दहा सेकंद. वीस. पूर्ण एक मिनिट. पाणी जोत्यावर चढलं आणि उतरलं. चौथा आवाज नव्हता.

“ऐकलंस?” मी कमळकडं वळलो. “तीन! तीनच!”

तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी राहिलं. ठमी तिच्या खांद्यावर झोपलेली होती. तोंड अर्धवट उघडं. लाळेनं लुगड्यावर ओला डाग पडलेला. ती होडीत झोपली होती, ती अजून उठलीच नव्हती.

मी चौकीकडं पाहिलं. दाराच्या चौकटीवर, माझ्या कमरेच्याही खाली, चार बोटं होती. आतून बाहेर वळलेली. चौकट धरून कुणी उभं राहतं आणि पुढं यावं की न यावं असं त्याला होतं, तशी. मी पाहतो आहे हे कळल्यासारखी ती एकेक करून आत गेली.

एवढंच मी पाहिलं. जास्त पाहिल्याचा आव आणणार नाही.

त्या वेळी शहाण्या माणसानं मुलं उचलून धक्क्याच्या टोकाला पळायला हवं होतं. मी काय केलं? बावीस वर्षांची सवय. ऐकलेली गोष्ट दुसऱ्यांदा पडताळल्याशिवाय खरी मानायची नाही. मी ओरडलो, “मोजा!”

“एक,” रामू रडत होता.

“दोन.”

“तीन!” चौकीतून. आनंदानं.

आणि कमळच्या खांद्यावर ठमीनं डोळे उघडले. तिनं माझ्याकडं पाहिलं, ओळखल्या-न ओळखल्यासारखं, आणि आज्ञाधारकपणे म्हणाली, “च्यार.”

७

आम्ही होडीत कसे पोचलो ते आठवत नाही. आमच्याखेरीज बायजा आणि आणखी दोन कोळणी बसल्या होत्या. दुसरं लहान मूल होडीत नव्हतं. रामू आणि ठमी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले. ठमीला कमळनं मागून दोन्ही हातांनी धरलं होतं. ठमी चौकीकडं मान वळवून पाहत होती. रडत नव्हती. घाबरलेली नव्हती. दुसऱ्याच्या घरी पाहुणं आलेलं मूल जसं शहाण्यासारखं बसतं, तशी बसली होती.

धर्माजीनं बांबू उचलला नाही.

“नावं.”

मी ओ दिली. कमळनं दिली, आणि मोठ्या दोघांची नावं त्याला सांगितली. “रामचंद्र.” “ओ.” “राही.” राहीनं माझ्याकडं पाहिलं. धर्माजीनं तिच्या डोळ्यांतलं ओळखलं असावं. त्यानं सलग तीनदा हाक मारली आणि तिसऱ्या हाकेला तिनं ओ दिली.

“आता हिचं.”

“ठमी,” मी म्हणालो. “ठमे! ए ठमे!”

ती खाडीकडं पाहत राहिली.

“ते लाडाचं झालं. बारशाचं नाव सांगा.”

आणि मला ते एक क्षण आठवलं नाही. हे मी कमळलाही सांगितलेलं नाही. माझ्या जिभेवर फक्त ‘तीन’ होतं.

“साहेब, पानी फिरायला लागलं. ओ आल्याबिगर मी हिला घेऊन होडी सोडनार न्हाय. आन हिला टाकून तुमी जानार न्हाय. मग करायचं काय?”

बायजा उठली. सकाळी तिनं आम्हाला पाहून तोंड वळवलं होतं. आता तिनं टोपली बाजूला सारली आणि कमळच्या पाठीवर हात ठेवला. “बाई, तू हाक मार. बापाची नको. तू मार.”

कमळनं ठमीला घट्ट धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “तुळशी.”

काही नाही.

“तुळशी.”

पाणी होडीच्या फळ्यांना चाटत होतं. चौकीच्या दिशेनं कुणीतरी फरशीवर धावल्यासारखे दोन-तीन पावलांचे आवाज आले. किंवा शिडाची दोरी आपटली असेल.

“तुळशी!”

“ओ.”

स्वच्छ, गोड, लहान आवाज. कमळनं हंबरडा फोडला. बायजानं स्वतःच्या कपाळावर बोटं मोडली. धर्माजीनं बांबू रोवला आणि होडी धक्क्यापासून सुटली. मी आगरदांड्यापर्यंत मागं वळून पाहिलं नाही. मला वाटलं, आपण तिला परत आणलं.

८

त्यानंतर आमच्या घरात कुणी मोजलं नाही. सहली बंद झाल्या. मी बातम्यांत मेलेल्यांची नावं द्यायला लागलो. जागा खातात म्हणून उपसंपादक कापायचा, मी पुन्हा पाठवायचो, आणि त्यावरून तीन वर्षं भांडलो. शेवटी तो छापायला लागला.

तुळशी आता नऊ वर्षांची आहे. हुशार आहे, पाढे पाठ आहेत, आजारी पडत नाही. ती ‘च्यार’ म्हणते. मुरुडची सगळीच मुलं म्हणतात, त्यात काही नाही. पाण्याच्या दिशेला तोंड करून बसायला तिला आवडतं. समुद्रावरच्या गावात सगळ्यांनाच आवडतं. ठमी म्हटलं की ती हसते, पण उठत नाही. तुळशी म्हटलं की ओ येते. नेहमी येते, तिसऱ्या हाकेची वाट न पाहता पहिल्याच हाकेला येते.

एक बारीक गोष्ट आहे. कधी कधी ओ परसातून येते आणि तुळशी पुढच्या खोलीतून बाहेर येते. घरात आवाज फिरतो, असं मी कमळला म्हणतो. कमळ मान डोलावते. आमचं घर दोन खोल्यांचं आहे.

या वर्षी जूनमध्ये रामू मॅट्रिक होऊन पुण्याला शिकायला निघाला. सकाळच्या बससाठी मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. ट्रंक टपावर चढवून झाली तरी तो खाली उभा.

“बाबा, एक सांगायचं राहिलंय. दिघीचं.”

“बोल.”

तो बोलला. मी नेहमीप्रमाणं मध्येच तोडलं, उलटसुलट प्रश्न विचारले. त्यानं एकदाही विधान बदललं नाही. घरी येऊन कमळला विचारलं. तिनं सांगितलं, मी डोळे मिटले होते. राहीला विचारलं. ती म्हणाली, मी आईकडं पाहत होते. आगरदांड्याला जाऊन बायजाला गाठलं. “ओ आली ना? मंग झालां,” म्हणाली आणि टोपली उचलून निघून गेली. धर्माजी चौसष्ट सालीच वारला. तुळशीला मी विचारलेलं नाही.

रामूचं निवेदन त्याच्याच शब्दांत देतो. स्थळ : मुरुड बसस्टँड. वेळ : सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं.

“मी तिच्या समोर बसलो होतो, बाबा. ती परत च्यार म्हणेल अशी भीती वाटत होती, म्हणून मी तिच्या तोंडावरून नजर काढलीच नाही. ओ आली तेव्हा तिचं तोंड मिटलेलं होतं. आणि ओ चौकीतून नाही आली. होडीतूनच आली.”